पडलेला डास मेलेला नसतो

डास मारण्याच्या स्प्रेच्या डब्यावर ‘डासांचा नायनाट’ असे छापायचे, तर त्याआधी कुठेतरी कुणीतरी बसून डास मोजलेले असावे लागतात. किती सोडले, किती पडले, किती मिनिटांत पडले आणि दुसऱ्या दिवशी त्यांतले किती पुन्हा उडू लागले. डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका आणि हिवताप पसरवणाऱ्या डासांवर आपण घरात जो पैसा खर्च करतो, तो कारणी लागतो की नाही हे या मोजणीवरून ठरते. ती कशी होते, तिच्यात काय धरले जाते आणि काय सुटते, हे घरात स्प्रे वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. डब्यावरच्या चार ओळींतून ते कळत नाही.

घरात औषध फवारण्याची सवय साधारण शंभर वर्षांची आहे. १९२३ मध्ये अमेरिकेत ‘फ्लिट’ बाजारात आले. खनिज तेलावर आधारलेले औषध आणि ते उडवायला हातपंप. आपल्याकडची जुनी माणसेही कुठलाही फवारा मारण्याला ‘फ्लिट मारणे’ म्हणत. अशी औषधे भराभर वाढली, तेव्हा त्यांतले चांगले कोणते हा प्रश्न आलाच. १९२८ मध्ये पीट आणि ग्रेडी या दोन संशोधकांनी त्यासाठी सहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि सहा फूट उंच अशी एक बंद पेटी सुचवली. त्यांनी ती घरमाशांसाठी बनवली होती. पुढे डासांसाठीही तीच वापरात आली, आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळांत ‘पीट-ग्रेडी चेंबर’ याच नावाने ती उभी असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये कॉइल, मॅट, लिक्विड मशीन आणि एरोसोल स्प्रे यांच्या चाचणीची जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातही या पेटीला जागा आहे.

चाचणीची रीत वाचायला सोपी वाटते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या, काही दिवस वयाच्या, साखरपाण्यावर ठेवलेल्या आणि अजून रक्त न प्यालेल्या माद्या पेटीत सोडायच्या. त्यांना थोडे स्थिरावू द्यायचे. मग ठरलेल्या वजनाचा फवारा आत मारायचा. डबा फवाऱ्याआधी आणि नंतर काट्यावर ठेवला की किती ग्रॅम औषध गेले ते कळते. ‘दोन सेकंद दाबले’ एवढ्यावर इथे भागत नाही. त्यानंतर काचेतून पाहत ठरावीक अंतराने पडलेले डास मोजत राहायचे. अर्धे डास पडायला लागलेला वेळ आणि शंभरांतले पंच्याण्णव पडायला लागलेला वेळ, हे दोन आकडे यातून निघतात. मग सगळे डास नळीने अलगद ओढून स्वच्छ भांड्यात घ्यायचे, साखरपाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा द्यायचा आणि चोवीस तास थांबायचे.

हे चोवीस तास फार महत्त्वाचे आहेत. घरात स्प्रे मारल्यावर डास गरगर फिरत फरशीवर पडतो, पाय झाडतो, निपचित होतो. आपण समाधानाने दिवा बंद करतो. प्रयोगशाळेच्या हिशेबात हा डास अजून फक्त ‘पडलेला’ आहे. त्यातले काही तासाभरात, काही रात्रीतून सावरतात. दुसऱ्या दिवशी जो उडू शकतो तो जिवंत धरायचा, मग त्याचे दोन पाय गळालेले असले तरी. नियमच तसा आहे, आणि तो योग्य आहे. लंगडी मादीसुद्धा चावू शकते.

पडणे आणि मरणे यांत एवढे अंतर का पडते? आज घरगुती स्प्रेमध्ये असणारी बहुतेक औषधे पायरेथ्रॉइड या एकाच कुळातली आहेत. शेवंतीच्या कुळातल्या एका पांढऱ्या फुलात पायरेथ्रिन नावाचे द्रव्य असते, त्याच्या नकलेतून ही रसायने घडवली गेली. पहिले, ॲलेथ्रिन, अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या शेक्टर आणि लाफोर्ज यांनी १९४९ मध्ये बनवले. उन्हात टिकणारे परमेथ्रिन इंग्लंडमध्ये रोदमस्टेडला मायकेल एलियट यांच्या गटाने १९७३ मध्ये पुढे आणले. ही द्रव्ये डासाच्या मज्जातंतूंवर काम करतात. तंतूतून संदेश जाताना सोडियमची सूक्ष्म दारे क्षणभर उघडून मिटतात. पायरेथ्रॉइड तिथे अडकले की दार मिटत नाही, तंतू पुन्हा पुन्हा पेटत राहतो आणि डासाचे अंगावरचे नियंत्रण सुटते. तो पडतो. पण त्याच्या शरीरात विष फोडून टाकणारी एन्झाइमेही असतात. मात्रा अपुरी असेल तर ती आपले काम पुरे करतात आणि डास उठून बसतो.

म्हणून बऱ्याच डब्यांत दोन औषधे असतात. एक झटकन पाडणारे, दुसरे पडलेल्याला उठू न देणारे. नावे उलगडून पाहिली तर प्रॅलेथ्रिन, टेट्रामेथ्रिन, इमिप्रोथ्रिन ही पहिल्या कामाची आणि परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, सायफेनोथ्रिन ही दुसऱ्या कामाची. काही डब्यांत पायपरोनिल ब्युटॉक्साइड असे तिसरेही नाव दिसते. ते स्वतः डास फारसे मारत नाही. डासाची विष फोडणारी एन्झाइमे ते अडवून धरते. या कल्पनेचे मूळ आपल्या स्वयंपाकघरातल्या एका वस्तूशी जुळते. दुसऱ्या महायुद्धात लायल गुडह्यू आणि विल्यम सलिव्हन यांनी सैनिकांसाठी जो पहिला एरोसोल डबा तयार केला, त्यात फुलांच्या अर्काबरोबर तिळाचे तेल होते. तिळाच्या तेलात पायरेथ्रिनचा जोर वाढतो हे तेव्हा नुकतेच ध्यानात आले होते. त्या तेलातल्या द्रव्यांच्या रचनेवरूनच पुढे अशी सहायक रसायने घडवली गेली.

या दोन कामांतले फरक ग्राहकाला दिसत नाहीत. त्याला फक्त पडणे दिसते. त्यामुळे लवकर पाडणारा डबा ‘भारी’ ठरतो आणि जाहिरातीही त्याच क्षणावर बेतलेल्या असतात. चाचणीचा अहवाल वाचायची वेळ आली, तर मी आधी चोवीस तासांनंतरचा आकडा पाहीन. अर्धे डास तीन मिनिटांत पडले की चार मिनिटांत, याला आजाराच्या दृष्टीने फार किंमत नाही.

मोजणी खरी ठरण्यासाठी आणखी एक काळजी घ्यावी लागते. डास नाजूक असतात. हाताळताना, नळीने ओढताना, नुसत्या उष्ण कोरड्या हवेनेही काही मरतात. म्हणून तेवढेच डास औषधाविना तशाच पेटीत ठेवून त्यांतले किती मरतात तेही मोजायचे. समजा औषध न मारलेल्या शंभरांतले आठ मेले आणि औषध मारलेल्या शंभरांतले सत्याहत्तर. मग औषधाचा खरा वाटा किती? सत्याहत्तरातून आठ वजा केले, उरले एकोणसत्तर. त्यांना ब्याण्णवने भागले, की ७५ टक्के. हे सूत्र ॲबट या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये मांडले आणि अजून तेच चालते. औषधाविना ठेवलेल्यांतलेच वीस टक्क्यांहून जास्त मेले, तर ती चाचणी फेकून द्यायची. पेटीही प्रत्येक वेळी डिटर्जंटने धुवावी लागते. आदल्या चाचणीचा अंश भिंतीला राहिला, तर दुसऱ्या दिवशीचा निकृष्ट डबाही उत्तम ठरेल. घरगुती व्हिडिओंमध्ये बरणीत चार डास कोंडून वर फवारा मारून दाखवतात, त्यांत यातले काहीच नसते. तेवढ्याशा बरणीत कुठलाही डबा जिंकतो.

इथपर्यंत चाचणीची शिस्त चोख आहे. मला जो प्रश्न सर्वांत मोठा वाटतो तो यापुढचा: पेटीत सोडलेला डास कोणता?

प्रयोगशाळेत डासांचे वंश पिढ्यानपिढ्या सांभाळलेले असतात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस इजिप्तीचा ‘रॉकफेलर’ हा वंश जगभर वापरला जातो. तो मुळात कॅरिबियन भागातला आणि अनेक दशके बंद खोल्यांत वाढलेला. त्याच्या कितीतरी पिढ्यांनी कीटकनाशकाचा वासही घेतलेला नाही. तुलनेसाठी असा वंश लागतोच. मुंबईतली चाचणी आणि मेक्सिकोतली चाचणी एकमेकींशी ताडून पाहायची, तर मोजपट्टी एकच हवी. पण या डासाला मारणे म्हणजे घरातल्या डासाला मारणे नव्हे. आपल्या शहरांतल्या डासांनी कॉइल, मॅट, लिक्विड, फॉगिंग आणि शेतीची औषधे यांच्यात पिढ्या काढल्या आहेत. त्यातून जे वाचले त्यांचीच पोरे आज घरात आहेत.

डास औषधाला कितपत दाद देतात हे तपासायची वेगळी पद्धत आहे. पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळ्या असतात. लाल ठिपक्याच्या नळीत औषध लावलेला कागद, हिरव्या ठिपक्याच्या नळीत साधा. हे औषधी कागद मलेशियातल्या पेनांगच्या विद्यापीठात तयार होऊन देशोदेशी जातात. वीस-पंचवीस माद्या लाल नळीत तासभर ठेवायच्या, मग हिरव्या नळीत हलवायच्या आणि चोवीस तासांनी मोजायचे. कागदावरची मात्रा ठरवताना साध्या, औषध न पाहिलेल्या डासांपैकी ९९ टक्के ज्या मात्रेत मरतात तिच्या दुप्पट घेतात, म्हणजे वाचणाऱ्याला नशिबाने वाचायची संधी उरत नाही. ९८ टक्के किंवा अधिक मेले तर डास औषधाला बळी पडतात असे समजायचे. ९० टक्क्यांहून कमी मेले तर त्यांच्यात प्रतिकार आला आहे, यात शंका नाही. मधल्या आकड्यांत पुन्हा तपासायचे.

भारतातल्या एडीस इजिप्तीत हा प्रतिकार आला आहे. दिल्लीत पकडलेल्या डासांवरचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या मज्जातंतूंतल्या सोडियमच्या दारात दोन ठिकाणी बदल सापडले. त्यातला एक तोवर कुठेच नोंदला गेला नव्हता. दाराचा आकार किंचित बदलला की पायरेथ्रॉइड तिथे नीट बसत नाही. याच दारावर डीडीटीही काम करत असे. हिवतापाच्या राष्ट्रीय मोहिमेत १९५३ पासून आपण देशभर डीडीटी फवारले. डीडीटीच्या माऱ्यात टिकलेल्या डासांना पायरेथ्रॉइडशी झगडायला आयतीच मदत मिळते, आणि घराघरांतल्या मशिनी ती निवड दर रात्री पुढे नेतात. मंद मात्रेत रात्रभर चालणारे औषध दुबळ्या डासांना काढून टाकते, चिवट डासांना मागे ठेवते.

मेक्सिकोतल्या मेरिदा शहरात हे थेट घरांत तपासले गेले. दुकानात मिळणारे नेहमीचे स्प्रे घेतले आणि बंद पेटीऐवजी माणसे राहतात तशा घरांत फवारले. प्रयोगशाळेतले औषध न पाहिलेले डास आणि त्याच शहरातले प्रतिकार असलेले डास अशी तुलना केली. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या गटाचा निकाल लागला, दुसऱ्यातले बरेच वाचले. डबा तोच, फवारा तोच, घर तेच. डास बदलला आणि उत्तर बदलले. घरगुती स्प्रेच्या चाचणीबद्दल इतके सरळ सांगणारा दुसरा अभ्यास मला माहीत नाही.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. चाचण्यांत तरुण माद्या वापरतात, आणि आजार पसरवते ती म्हातारी मादी. डेंग्यूच्या रुग्णाला चावल्यावर विषाणू तिच्या लाळेपर्यंत पोहोचायला साधारण आठ ते बारा दिवस लागतात. तेवढे जगल्यावरच ती दुसऱ्याला आजार देऊ शकते. वय वाढते तसा अनेक डासांतला प्रतिकार कमी होतो असे दिसले आहे. म्हणजे तरुण माद्यांवरचा निराशाजनक आकडा खऱ्या धोक्याच्या माद्यांबाबत थोडा बरा असू शकेल. अशा बारकाव्यांमुळेच एका आकड्यावर डब्याची पारख करणे धोक्याचे असते. नळीतल्या कागदावरून थेट डब्याबद्दल बोलणेही चूक आहे. कागदावर एकच औषध असते, डब्यात दोन-तीन औषधे, तेल आणि थेंबांचा आकार मिळून परिणाम होतो.

थेंबांच्या आकाराकडे आपले फारसे लक्षच जात नाही. उडणाऱ्या डासाला मारायचे तर थेंब हवेत तरंगायला हवा. वीस मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीहून बराच बारीक थेंब दोन मीटर खाली यायला पावणेतीन मिनिटे घेतो. शंभर मायक्रॉनचा थेंब आठेक सेकंदांत फरशीवर येतो. एका मोठ्या थेंबात जेवढे औषध असते तेवढ्यात असे बारीक थेंब सव्वाशे होतात. म्हणून डासांच्या डब्याची तोटी धुके उडवते आणि झुरळांच्या डब्याची तोटी ओली धार. झुरळांचा डबा हवेत फवारून डास मारू पाहणे म्हणजे औषध फरशीवर सांडणे. पुष्कळ घरांत एकच डबा सगळ्यांवर चालवतात; ते थांबवले तर पैसा आणि श्वासात जाणारे औषध दोन्ही वाचेल.

आता पेटीतून खोलीत येऊ. दहा फूट बाय दहा फूट आणि उंची दहा फूट, ही आपल्या ओळखीची खोली २८ घनमीटरची होते. सहा फुटी पेटी जेमतेम सहा घनमीटरची असते. पेटीतला डास कुठेही बसला तरी धुके त्याच्यापर्यंत जाते, कारण आत पलंग नाही, कपाट नाही, खुंटीवर टांगलेले कपडे नाहीत. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत पेटीच्या पुढची पायरी म्हणून साधारण तीस घनमीटरची खोलीही येते. पण तीही रिकामीच खोली. एडीस इजिप्ती कुठे विसावते हे मेक्सिकोतल्या अकापुल्को शहरात पाहिले, तेव्हा बहुतेक डास दीड मीटरपेक्षा खालीच सापडले, आणि शयनगृहांत सर्वांत जास्त. पलंगाखाली, पडद्यामागे, टेबलाखालच्या अंधारात, लोंबत्या कपड्यांत. आपण मात्र डबा डोक्यावर धरून छताकडे फवारतो, पंखा चालू, खिडकी उघडी.

डब्यावर बहुधा लिहिलेलेच असते: दारे-खिडक्या बंद करा, पंखा बंद करा, फवारून बाहेर पडा, दहा-पंधरा मिनिटांनी खोली उघडून हवा खेळती होऊ द्या. चाचणीतला आकडा या बंद हवेतला आहे. पंखा चालू ठेवला की तो आकडा आपल्याला लागू राहत नाही. आणि बंद खोलीत स्वतः बसून राहिलो, तर डासासाठी मोजलेली मात्रा आपण आपल्या श्वासात घेतो. सस्तन प्राण्यांच्या शरीरात पायरेथ्रॉइड लवकर फुटते हे खरे, पण दम्याच्या माणसाला त्या धुक्याचा त्रास होऊ शकतो. माशांना ही औषधे अतिशय विषारी असतात, त्यामुळे मत्स्यपेटीच्या खोलीत फवारू नये. मांजरांना परमेथ्रिन पचवता येत नाही. डब्यातला दाब बहुधा ज्वालाग्राही वायूचा असतो. गॅस पेटता असताना स्वयंपाकघरात स्प्रे मारणे जिवावर बेतू शकते.

आपल्याकडे घरगुती कीटकनाशक विकायचे तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. ती फरिदाबादला मुख्यालय असलेले केंद्रीय मंडळ आणि त्याची नोंदणी समिती देते, आणि नोंदणीसाठी परिणामकारकतेची माहिती सादर करावी लागते. डब्यावर नोंदणी क्रमांक असतो, औषधांची नावे आणि टक्केवारी असते आणि एक रंगीत चौकोन असतो. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा लाल रंग सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हे सगळे पाहून घ्या. बाजारात डास पळवणाऱ्या अगरबत्त्या अशाही मिळतात, ज्यांच्या पुड्यावर नोंदणी क्रमांकच नसतो. त्यांत काय आहे आणि किती आहे हे कुणी तपासलेले नसते. त्या घेऊ नका, कितीही स्वस्त असोत.

डब्यावर काय नसते, हेही सांगतो. चाचणी कोणत्या डासावर झाली, तो डास कुठला, किती वर्षांपूर्वीची चाचणी, चोवीस तासांनी किती टक्के मेले. औषधाच्या दुकानात गोळीच्या पाकिटावर कालमर्यादा असते, कारण औषध जुने होते. इथे डबा ताजा असला तरी चाचणी जुनी होते, कारण डास बदलत जातात. दहा वर्षांपूर्वी चांगला ठरलेला स्प्रे आज त्याच शहरात किती चांगला आहे, हे पुन्हा मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

एवढे करूनही सर्वांत महत्त्वाचा प्रश्न शिल्लक राहतो. डास मरतो हे दाखवले. आजार कमी होतो का? लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये डेंग्यूविषयी जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासले. घराला जाळ्या असणाऱ्यांत डेंग्यू होण्याची शक्यता इतरांच्या जवळपास पाचव्या हिश्श्यावर आली होती. कॉइल आणि स्प्रे वापरणाऱ्यांत मात्र ती कमी तर नव्हतीच, उलट जास्त दिसली. स्प्रेच्या बाबतीत सुमारे दुप्पट. यावरून स्प्रेमुळे डेंग्यू होतो असा अर्थ काढणे साफ चुकीचे आहे. ज्या घरात डास जास्त, त्या घरात स्प्रेही जास्त, आणि डेंग्यूही तिथेच जास्त. पण दुसरा अर्थ टाळता येत नाही. स्प्रे डेंग्यूपासून वाचवतो असे सिद्ध करणारा पुरावा त्या सगळ्या अभ्यासांच्या ढिगात सापडला नाही. नीट आखलेल्या, घराघरांत चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्या या विषयात फारच थोड्या आहेत. कोट्यवधी घरे रोज वापरतात अशा वस्तूबद्दल हे असे असावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

महाराष्ट्राला एडीस डासाची ओळख जुनी आहे. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. मग तीसेक वर्षे तो आजार देशातून नाहीसा झाल्यासारखा होता, आणि २००५-०६ मध्ये परतला. झिकाचा राज्यातला पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण निघाले. या सगळ्यांमागे एडीसच आहे, जी दिवसा चावते, घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालते आणि आयुष्यात शे-दोनशे मीटरपलीकडे क्वचितच जाते. म्हणजे जो डास आज तुम्हाला चावला, तो बहुतेक तुमच्याच घरातल्या किंवा शेजारच्या पाण्यातून उठला आहे. संध्याकाळी सातनंतर मारलेला स्प्रे तिच्या मुख्य वेळा चुकवतो; सकाळी उजाडल्यानंतरचे काही तास आणि सूर्यास्ताआधीचे काही तास या तिच्या चावण्याच्या वेळा.

मग स्प्रे कशासाठी आहे? माझे मत असे की त्याला एक मर्यादित, पण खरे काम आहे. घरात डेंग्यूचा रुग्ण असेल, तर त्याला चावलेली मादी त्याच घरात विसावलेली असण्याची शक्यता मोठी. तिला त्या आठ-बारा दिवसांच्या आत मारले तर पुढची साखळी तुटते. म्हणूनच रुग्ण सापडला की हिवताप विभागाचे कर्मचारी त्याच्या घरात आणि आजूबाजूच्या घरांत फवारणी करतात. त्यासाठीचे सरकारी औषध म्हणजे दोन टक्के पायरेथ्रम अर्क, एका भागाला रॉकेलचे एकोणीस भाग. ते घरात येऊ मागतात तेव्हा त्यांना आत घ्या, पलंगाखाली आणि कपाटामागे फवारू द्या. रस्त्यावरून जाणाऱ्या फॉगिंगच्या गाडीचा धूर पडद्यामागे बसलेल्या एडीसपर्यंत फारसा पोहोचत नाही, दाखवायला मात्र तोच मोठा दिसतो. घरात स्वतः फवारायचे असेल तर खालच्या अंधाऱ्या जागांकडे, खोली बंद करून, माणसे आणि पाळीव प्राणी बाहेर ठेवून. फरशीवर पडलेले डास झाडून कचऱ्यात टाकण्याआधी चिरडा. ते सगळे मेलेले असतीलच असे नाही.

बाकीचे काम स्प्रेच्या आवाक्यातले नाही. खिडक्यांना जाळी बसवण्याचा खर्च एकदाच येतो आणि जाळीविरुद्ध डासाला प्रतिकार कमावता येत नाही. पिंप, ड्रम, कूलर, फ्रिजमागची ताटली, कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासून पुसल्या, की अंड्यापासून डास होण्याआधीच साखळी थांबते. उन्हाळ्या-पावसाळ्यात त्याला आठवडाभरच लागतो. आरोग्य खाते सांगते तो ‘कोरडा दिवस’ याच हिशेबाने ठरलेला आहे.

महापालिकांकडे आणि संशोधन संस्थांकडे एक मागणी करायला हवी, आणि ती नागरिकांनीच लावून धरावी. आपल्या शहरातले एडीस आणि हिवताप पसरवणारे ॲनोफिलीस डास दरवर्षी पकडून, बाजारात सर्वाधिक खपणाऱ्या स्प्रेंची त्यांच्यावर चाचणी व्हावी. चोवीस तासांनंतरचे आकडे वॉर्डच्या दवाखान्यात लावावेत आणि वर्तमानपत्रांत छापावेत. नळ्या, कागद, पेटी आणि प्रशिक्षित माणसे देशात आहेत. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था, पुद्दुचेरीचे रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्र, दिल्लीची राष्ट्रीय हिवताप संशोधन संस्था यांना हे काम नवे नाही. कंपन्यांनी डब्यावर चाचणीचे वर्ष आणि डासाचा वंश छापावा. पुढच्या वेळी तुमच्या भागात नगरसेवक किंवा आरोग्य निरीक्षक आले, तर फॉगिंग कधी होणार एवढेच विचारू नका. आपल्या वॉर्डातल्या डासांवर कोणते औषध किती टक्के चालते, आणि ते शेवटचे कधी मोजले, हेही विचारा.